मूळ अंतर्भाग कायम ठेवून पुनर्बांधणी केलेल्या इंजिनात टर्बो दाबाची सुरक्षित मर्यादा : एक विवेचन

प्रस्तावना

अंतर्ज्वलन इंजिनाची शक्ती वाढविण्याचा प्रश्न हा मुळात हवेचा प्रश्न आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोल अधिक सोडणे अवघड नसते. ते जाळण्यास लागणारी हवा आत नेणे अवघड असते. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते आणि साध्या इंजिनाला ही हवा केवळ वातावरणाच्या दाबाने मिळेल तेवढ्यावरच भागवावी लागते. बाहेर टाकल्या जाणाऱ्या उष्ण वायूंवर टर्बाइन फिरवावे व त्याच दंडावर बसविलेल्या संपीडकाने ताजी हवा दाबून आत पाठवावी, ही कल्पना स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये पेटंटच्या रूपाने मांडली. डिझेल इंजिनांत ती लवकर रुळली. पेट्रोल इंजिनांत मात्र तिला दीर्घकाळ अडथळे आले आणि त्या अडथळ्यांचे कारण हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

व्यवहारात हा प्रश्न पुढीलप्रमाणे उपस्थित होतो. धूर ओकू लागलेले, तेल खाणारे इंजिन ओव्हरहॉलसाठी उघडले जाते. सिलिंडर रिबोअर होतात, नव्या रिंगा व बेअरिंगा पडतात. इंजिन उघडलेच आहे तर टर्बोही बसवावा, असा विचार मालकाच्या किंवा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात येतो. फोर्ज केलेले पिस्टन व कनेक्टिंग रॉड महाग असल्याने मूळ कंपनीच्या मापाचेच भाग ठेवण्याचे ठरते. मग गॅरेजमध्ये एकच प्रश्न विचारला जातो : ‘किती पौंड बूस्ट चालेल?’ या प्रश्नाला एका आकड्याचे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. तो आकडा कशावरून आला हे सांगणारे थोडे असतात.

बूस्टचा आकडा नेमके काय सांगतो

गेजवर दिसणारा बूस्ट हा वातावरणाच्या दाबाहून अधिक असलेला दाब होय. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब सुमारे १.०१ बार असतो. गेजवर ०.५ बार, म्हणजे सुमारे सात पौंड प्रति चौरस इंच, दिसत असेल तर सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा निरपेक्ष दाब सुमारे १.५ बार असतो. यावरून हवा दीडपट गेली असा निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. हवा दाबली की तापते आणि तापलेली हवा विरळ असते. बाहेरचे तापमान ३२ अंश सेल्सियस व संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास ०.५ बार बूस्टला हवा सुमारे ८६ अंशांपर्यंत तापते. १ बारला ती १२८ अंशांच्या आसपास जाते. इंटरकूलर नसेल तर पहिल्या स्थितीत हवेची घनता केवळ १.२८ पट होते. ७० टक्के परिणामकारकतेचा इंटरकूलर बसविल्यास तीच घनता सुमारे १.४३ पट होते व हवा ४८ अंशांवर येते. एकाच गेज-आकड्याने दोन इंजिनांत इतका भिन्न परिणाम होऊ शकतो.

तापमानाचा मुद्दा घनतेपुरता मर्यादित नाही. पिस्टन वर येताना आतील मिश्रण आणखी दाबले जाते. संपीडन गुणोत्तर ९.५ असेल तर संपीडनाच्या अखेरीस निरपेक्ष तापमान सुरुवातीच्या सुमारे २.१ पट होते. म्हणजेच आत येणारी हवा ३० अंशांनी अधिक उष्ण असेल तर ठिणगी पडण्याच्या वेळी मिश्रण साठ अंशांहून अधिक तापलेले असते. विदर्भातील मे महिन्याची दुपार व कोकणातील जानेवारीची सकाळ यांत एकाच गाडीला एकच बूस्ट सारखा मानवत नाही, त्याचे हे कारण होय.

नॉक : खरी मर्यादा

ठिणगीनंतर ज्योत सिलिंडरमध्ये पसरत जाते. तिच्यापुढील न जळलेले मिश्रण दाबले जाऊन तापत राहते. ज्योत पोहोचण्यापूर्वीच हे उरलेले मिश्रण आपोआप व एकदम पेटले तर दाबाच्या लहरी सिलिंडरभर आदळू लागतात. यालाच इंजिन नॉक करते असे म्हणतात. या लहरींची वारंवारता प्रामुख्याने सिलिंडरच्या व्यासावर अवलंबून असते, ८६ मि.मी. व्यासाला ती साधारणतः साडेसहा हजार हर्ट्झच्या आसपास येते आणि नॉक सेन्सर ध्वनीच्या त्याच पट्ट्यावर लक्ष ठेवतो.

नॉकचा आवाज हा दुय्यम भाग आहे. सिलिंडरच्या भिंतीलगत व पिस्टनच्या माथ्यालगत वायूचा जो पातळ, तुलनेने थंड थर धातूचे रक्षण करीत असतो, तो या लहरींनी उधळला जातो. त्यामुळे धातूत शिरणारी उष्णता एकाएकी वाढते. ओतीव ॲल्युमिनियमच्या पिस्टनमध्ये दोन रिंगांमधील पातळ कडा प्रथम तुटतात. उष्णता अशीच वाढत राहिली तर स्पार्क प्लगचे टोक किंवा कार्बनचा निखारा ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू लागतो. ही पूर्वज्वलनाची अवस्था नॉकहून कितीतरी घातक असते. पिस्टन वर येत असतानाच दाब शिगेला पोहोचतो व काही सेकंदांत पिस्टनला भोक पडू शकते. जे इंजिन मूळ भागांनिशी शांतपणे अर्धा बार दाब वर्षानुवर्षे सोसते, तेच इंजिन एका चढावर चुकीच्या प्रज्वलनवेळेने निकामी होते. म्हणून ‘पिस्टन किती बूस्ट सोसतो’ यापेक्षा ‘नॉकविना किती बूस्ट देता येतो’ असा प्रश्न विचारणे अधिक सयुक्तिक ठरेल.

इतिहासातील दोन उदाहरणे

तयार इंजिनावर टर्बो चढविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास बोधप्रद आहे. अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर ही गाडी बाजारात आणली. तिच्या साडेतीन लिटरच्या व्ही-८ इंजिनाचे संपीडन गुणोत्तर १०.२५ इतके उंच ठेवलेले होते व बूस्ट अवघा पाच पौंडांच्या घरात होता. एवढ्या अल्प दाबालाही नॉक होत असल्याने पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण आत फवारावे लागे. त्याची वेगळी टाकी होती आणि ती रिकामी झाल्यास बूस्ट रोखणारी झडपही दिलेली होती. मालकांनी टाकी भरण्याची तसदी घेतली नाही, तक्रारी वाढल्या व दोन वर्षांत ही गाडी बंद झाली. पुढे कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली.

स्वीडनच्या साब कंपनीने १९७८ मध्ये विक्रीस आणलेल्या ९९ टर्बोमध्ये वेगळा मार्ग अवलंबिला. दोन लिटरच्या त्याच इंजिनाचे संपीडन गुणोत्तर ९.२ वरून ७.२ पर्यंत खाली आणले, टर्बो लहान निवडला व जादा वायू वळवून देणाऱ्या वेस्टगेटने बूस्ट सुमारे ०.७ बारवर बांधून ठेवला. शक्ती ११८ वरून १४५ अश्वशक्ती झाली. आकडा माफक वाटतो. पण गाडी रोजच्या वापरात टिकली. नंतर १९८०च्या दशकाच्या आरंभी याच कंपनीने नॉक ऐकून बूस्ट आपोआप कमी करणारी एपीसी ही प्रणाली आणली आणि तिच्या बळावर संपीडन गुणोत्तर पुन्हा ८.५ पर्यंत वाढविता आले. मापन सुधारले तसा सुरक्षिततेसाठी राखून ठेवावयाचा अवकाश कमी लागला, एवढाच या घटनाक्रमाचा तांत्रिक अर्थ आहे.

या चर्चेत फॉर्म्युला वनचे उदाहरण हमखास पुढे येते. १९८३ मध्ये नेल्सन पिके यांना विश्वविजेतेपद मिळवून देणारे बीएमडब्ल्यूचे दीड लिटरचे इंजिन रस्त्यावरील गाड्यांच्या ब्लॉकवर आधारलेले होते, हे खरे आहे. तथापि, तेथे मूळचा होता तो ब्लॉक; पिस्टन, रॉड, इंधन व आयुर्मानाची अपेक्षा यांपैकी काहीही मूळचे नव्हते. त्या स्पर्धेतही दाबावर १९८७ मध्ये ४ बार व १९८८ मध्ये २.५ बार निरपेक्ष अशी मर्यादा घालावी लागली.

मूळ भागांवर पडणारे बल

नमुन्यादाखल ८६ मि.मी. व्यास व तितकीच धाव असलेले दोन लिटरचे चार सिलिंडरी इंजिन घेऊ. हे माप टोयोटाच्या ३एस व निसानच्या एसआर२० या मालिकांत आढळते. पिस्टनचे क्षेत्रफळ ५८ चौरस सेंटीमीटर होते. साध्या स्थितीत ज्वलनाचा कमाल दाब ६० बार धरल्यास कनेक्टिंग रॉडवर सुमारे ३५ किलोन्यूटन, म्हणजे साडेतीन टन भार येतो. बूस्टमुळे दाब ९० बार झाला तर तो ५२ किलोन्यूटन होतो.

रॉडवर दुसरेही एक बल असते : पिस्टनला दर फेरीत थांबवून उलट दिशेने खेचण्याचे. मागे-पुढे होणारे वस्तुमान ६०० ग्रॅम मानल्यास ६५०० फेऱ्यांना हे बल सुमारे साडेपंधरा किलोन्यूटन व ७५०० फेऱ्यांना जवळजवळ २१ किलोन्यूटन होते. ते फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बूस्टशी त्याचा संबंध नाही. रॉडचे बोल्ट तुटतात ते बहुधा या ताणामुळे. म्हणून टर्बो बसविताना फेऱ्यांची मूळ मर्यादा वाढवू नये, हा नियम बूस्टच्या नियमाइतकाच महत्त्वाचा आहे.

या दोन बलांच्या वजाबाकीतून एक अनपेक्षित गोष्ट दिसते. ज्वलनाच्या वेळी पिस्टनचे जडत्व वायूच्या दाबाविरुद्ध काम करते. ६५०० फेऱ्यांना ५२ मधून १५.५ वजा होऊन रॉडवर निव्वळ ३७ किलोन्यूटन उरतात, तर २५०० फेऱ्यांना जडत्वाचा वाटा जेमतेम सव्वादोन किलोन्यूटन असल्याने सुमारे ५० किलोन्यूटन तसेच राहतात. कमी फेऱ्यांत नॉकला वेळही अधिक मिळतो. लहान टर्बोने २५०० फेऱ्यांतच पूर्ण बूस्ट देऊन चढावर गाडी ओढल्यास मूळ रॉड वाकण्याचा धोका उंच फेऱ्यांपेक्षा मोठा असतो. मालक मात्र उंच फेऱ्यांनाच भितो.

पुनर्बांधणीतील बारकावे

नव्याने बांधलेले इंजिन नव्यासारखे असते, ही समजूत अर्धीच खरी आहे. ते कोणत्या मापाने बांधले यावर सारे अवलंबून असते.

पहिले माप रिंगेच्या टोकांमधील फटीचे. साध्या इंजिनासाठी व्यासाच्या दर इंचाला चार थाऊ ही रूढ मोजदाद आहे. ८६ मि.मी. व्यासाला ती फट सुमारे ०.३४ मि.मी. येते. टर्बोमुळे वरची रिंग अधिक तापते, अधिक प्रसरण पावते व फट पूर्ण मिटली तर टोके एकमेकांवर दाबली जाऊन रिंग सिलिंडरमध्ये आवळते. परिणामी पिस्टनची कडा उचकटून निघते. टर्बोसाठी दर इंचाला पाच ते सहा थाऊ, म्हणजे याच व्यासाला ०.४३ ते ०.५२ मि.मी. फट ठेवण्याची पद्धत आहे. हे काम कानशीने व फीलर गेजने, इंजिन उघडे असतानाच होऊ शकते व त्याला खर्च जवळजवळ काहीच नाही. खोक्यातून काढलेल्या रिंगा न मोजता चढविलेल्या इंजिनात पुढे कितीही काळजी घेतली तरी ही उणीव भरून निघत नाही.

दुसरे, हेड किंवा ब्लॉक प्लेन करताना संपीडन गुणोत्तर नकळत वाढते. वरील नमुन्यात गुणोत्तर ९.५ असताना पिस्टनच्या माथ्यावर ५८.८ घन सेंटीमीटर जागा असते. ब्लॉकचा पृष्ठभाग अर्धा मि.मी. छिलला की त्यातील २.९ घन सेंटीमीटर जातात व गुणोत्तर ९.९ वर पोहोचते. साब कंपनीने जे दोन अंकांनी कमी केले, तेच लेथवाल्याने न सांगता अर्ध्या अंकाने वाढविलेले असते. एसआर२० मालिकेत साध्या आवृत्तीचे गुणोत्तर ९.५ व टर्बो आवृत्तीचे ८.५ आहे; दीड बार निरपेक्ष दाबाला ठिणगीपूर्वीचा दाब पहिल्यात ३० बार, तर दुसऱ्यात २६ बारच्या आसपास येतो. कारखान्याने हा फरक हौसेने ठेवलेला नाही.

बेअरिंगची फट, तेलपंपाची स्थिती, हेड बोल्ट नवे असणे, गॅस्केटसाठी पृष्ठभाग सपाट असणे या गोष्टी कोणत्याही चांगल्या ओव्हरहॉलमध्ये अपेक्षितच आहेत. रिंगा सिलिंडरला बसेपर्यंत, साधारणतः पहिले हजार किलोमीटर, बूस्ट न देणे हेही त्यातच येते.

इंधन व प्रज्वलन

बूस्टखाली मिश्रण मुद्दाम गडद ठेवले जाते. पेट्रोलसाठी साडेअकरा ते साडेबारा भाग हवेस एक भाग इंधन हे प्रमाण रूढ आहे. अधिक इंधन बाष्पीभवनाने मिश्रणाला थंड करते. येथे एक छुपी अडचण संभवते. अनेक गाड्यांत इंजेक्टरला मिळणारा दाब ३ बारवर स्थिर असतो व तो मॅनिफोल्डच्या दाबानुसार वाढत नाही. अर्धा बार बूस्ट आला की इंजेक्टरच्या दोन्ही टोकांतील फरक अडीच बारवर येतो व इंधनाचा प्रवाह सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. इंजिनाला ४० टक्के अधिक इंधन हवे असते, त्याच क्षणी पुरवठा कमी होतो. पहिल्याच चाचणीत पिस्टन जळण्याच्या घटनांमागे हे कारण आढळून येते.

भारतात २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल उपलब्ध झाले. इथेनॉल नॉकला अधिक प्रतिकार करते व त्याची बाष्पीभवनाची उष्णताही पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे. या दृष्टीने टर्बोला ते अनुकूल आहे. मात्र त्याला लागणारी हवा कमी असल्याने या मिश्रणाचे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या जवळ येते व इंजेक्टरना सुमारे आठ टक्के जादा इंधन द्यावे लागते. जुन्या गाडीचा मूळ संगणक व मूळ इंजेक्टर यांचा राखीव वाव येथेच संपून जातो.

प्रज्वलनवेळेबाबत बूस्टच्या दर पौंडास सुमारे एक अंश वेळ मागे घेणे, हा ट्यूनरांचा ढोबळ नियम सुरुवातीपुरता उपयोगी आहे. वेळ फार मागे घेतल्यास ज्वलन लांबते, बाहेर पडणारे वायू अधिक तापतात व संकट पिस्टनकडून टर्बाइन व एक्झॉस्ट झडपांकडे सरकते.

मग आकडा कोणता?

मुळात टर्बो नसलेले, संपीडन गुणोत्तर ९ ते १० असलेले, रिंगेची फट वाढवून घेतलेले, इंटरकूलर, योग्य इंजेक्टर व बूस्ट ओळखणारी प्रज्वलन-व्यवस्था असलेले इंजिन ०.३५ ते ०.५ बार, म्हणजे पाच ते सात पौंड, दीर्घकाळ सोसू शकते, असा अनुभवी ट्यूनरांचा संकेत आहे आणि वरील आकडेमोड त्याच्याशी जुळते. या मर्यादेत टॉर्क साधारणतः ३० ते ४० टक्क्यांनी वाढतो. गुणोत्तर साडेदहाच्या पुढे असल्यास ०.३ बारच्या आतच राहणे शहाणपणाचे. इंटरकूलर नसेल तर तीही मर्यादा मोठी समजावी. मूळचेच टर्बो असलेले इंजिन पुन्हा बांधले असल्यास प्रथम कारखान्याचा आकडा ठेवावा. इंधनपुरवठा व नॉक यांची नोंद समाधानकारक असल्यास ०.२ बारपर्यंतची वाढ विचारात घेता येते. हे आकडे वेस्टगेटच्या स्प्रिंगने बांधलेल्या बूस्टला लागू आहेत. वेस्टगेटकडे जाणारी रबरी नळी निसटली तर बूस्टला कोणतीच मर्यादा उरत नाही, म्हणून ठरावीक दाबापुढे इंधन तोडणारी व्यवस्था अनिवार्य मानली पाहिजे.

घाटमाथ्यावर हा हिशेब थोडा बदलतो. महाबळेश्वरला वातावरणाचा दाब सुमारे ०.८६ बार असतो. केवळ स्प्रिंगवर चालणारा वेस्टगेट तेथेही गेजवर ०.६ बारच देईल. सिलिंडरमधील निरपेक्ष दाब मुंबईपेक्षा कमीच राहील, परंतु संपीडकाचे दाब-गुणोत्तर १.५९ वरून १.७० होईल. निरपेक्ष दाब कायम राखणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था असल्यास तेच गुणोत्तर १.८८ पर्यंत जाते, टर्बोच्या फेऱ्या वाढतात व हवा अधिक तापते. पहिल्या प्रकारात इंजिन सुरक्षित राहून शक्ती घटते, दुसऱ्यात शक्ती टिकते व भार टर्बोवर पडतो.

महाविद्यालयीन प्रकल्पांच्या दृष्टीने एका बाबीची नोंद आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्यामुळे असे इंजिन प्रयोगशाळेतील डायनॅमोमीटरवर किंवा विद्यार्थी-स्पर्धेतील वाहनावरच चालविणे उचित होय. फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीच्या स्पर्धांत पेट्रोल इंजिनासाठी हवेच्या मार्गात २० मि.मी. व्यासाचा अवरोधक बंधनकारक असतो व टर्बो असल्यास तो संपीडकाच्या आधी बसवावा लागतो. त्या गळ्यात हवा ध्वनिवेगाला पोहोचली की सेकंदाला सुमारे ७४ ग्रॅमहून अधिक हवा जात नाही. बूस्ट वाढवूनही कमाल शक्ती वाढत नाही, केवळ मधल्या फेऱ्यांतील टॉर्क भरून निघतो. डायनॅमोमीटरवर चाचणी घेताना बूस्ट ०.२ बारपासून सुरू करून दर टप्प्याला मिश्रणाचे प्रमाण, प्रवेशी हवेचे तापमान व नॉक सेन्सरची नोंद घ्यावी, प्लग काढून त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत ठिपके दिसतात काय ते भिंगाखाली पाहावे आणि ठिपके दिसल्यास त्या दिवसाची चाचणी तेथेच थांबवावी.